छावणीतला शनिवारचा वर्ग

फाळणीनंतर कल्याणच्या पलीकडे, लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी बसली. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, बहुतेक पुरुष रेल्वेत. मी शाळेत शिकवत असे. "शेजारी असे उघड्यावर पडलेत आणि आपण नुसती गीतं गातोय," असं पाळकसाहेब एका रविवारी म्हणाले, तेव्हा दर शनिवारी छावणीत शिकवायला जायला आम्ही सहाजणींनी हात वर केले. तिसऱ्या शनिवारी टांग्यात मी एकटीच होते.

बराकीत आठ-दहा बाया जमायच्या. बाजारात पापड विकायचे तर मराठी यायला हवं, म्हणून. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने मला दारात अडवून हिंदीत विचारलं होतं, "बेटी, बदले में क्या चाहिए?"

"काही नको," मी म्हणाले.

त्याची सून सगळ्यांत हुशार. तिचा भाऊ फाळणीच्या गोंधळात हरवला होता, आणि त्याच्या तपासाचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहायचा, हा तिचा हट्ट. दोन महिन्यांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचली. चुकलं की स्वतःवरच चिडायची.

इकडे चर्चच्या कमिटीत कुरबुर सुरू झाली. "इतके शनिवार गेले, उपासनेला एक तरी बाई आली का?" एका वयस्क गृहस्थांनी विचारलं.

"बदल्यात काही नको, असा मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हटलं. त्यांनी पुढचा विषय घेतला. मला वाटलं, पटलं.

त्याच आठवड्यात मला न सांगता कमिटीने एका प्रचारकाला धर्माच्या पुस्तिका देऊन बराकीत पाठवलं.

शनिवारी गेले तर वर्गाला कुणीच नाही. सून बाहेर आली, पाटी माझ्या हातात दिली. "बहेनजी, तुम्ही म्हणाला होतात ना, काही नको?" तिने मराठीत विचारलं, मीच शिकवलेल्या मराठीत.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. खरंच होतं ते, तरी खोटं वाटलं. आत सासरा पाठ फिरवून बसला होता.

पाळकसाहेब म्हणाले, "चुकलंच. पण कमिटीला दुखवून मी कुठे जाऊ?"

त्यानंतर मी दोनदा गेले. दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. तिचा अर्ज पुरा झाला की नाही, कळलं नाही.

आमच्या स्त्रियांच्या सभेत छावणीसाठी प्रार्थना मात्र कितीतरी वर्षं होत राहिली. मीही डोळे मिटून बसायचे. मनात काहीच यायचं नाही.