गच्चीवरची चादर

स्पेनमधल्या त्या खेड्यात मी चादर धुऊन गच्चीवर वाळत घातली, तर घरमालकीणबाई लगबगीने ती काढून खाली घेऊन आल्या. "पांढरं वर नको. विमानातून दिसतं."

ही त्यांच्या आईने लावलेली सवय. यादवीत त्यांचे दोन मामा एकमेकांविरुद्ध लढले होते. गावावर बॉम्ब मात्र परदेशी वैमानिकांनी टाकले. कुणाच्या तरी मदतीला म्हणून आले, काम उरकून आपापल्या घरी गेले. गावाचं नावही त्यांना ठाऊक नसेल.

"मामांचं पुढे मिटलं," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "विमानवाल्यांशी आमचं भांडणच नव्हतं. मिटवायचं कुणाशी?"

आम्ही दोघींनी चादर स्वयंपाकघरातल्या दोरीवर टाकली. बाहेर एवढं कडक ऊन, आणि ती संध्याकाळपर्यंत ओलीच.