एक्क्याण्णव सह्या

माझं अक्षर चांगलं आहे. एवढ्या एका गुणावर मी नोकरी केली, वस्तीत मान मिळवला, आणि त्याच अक्षराने एका बाईला तिच्या घरातून उठवलं. निवृत्त मास्तरांना आपल्या आठवणी सांगायची फार हौस असते. माझ्याकडे सांगण्यासारखी ही एकच आहे, आणि ती कुणी विचारत नाही.

आमची वस्ती पारनेर तालुक्यात, मूळ गावापासून ओढा ओलांडून दीड मैलावर. तीस-पस्तीस घरं, सगळी बौद्धांची. मध्ये विहार, विहारासमोर नळ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे वस्तीचा कुठलाही अर्ज माझ्याच हातून जायचा. आणि आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. अर्ज कसलाही असो, विजेच्या खांबाचा, रेशनचा, स्मशानाच्या रस्त्याचा, त्याखाली साऱ्या वस्तीच्या सह्या पाहिजेत. एकट्याने अर्ज केला की त्या एकट्याला गाठतात, हे आमच्या बापजाद्यांनी टक्केटोणपे खाऊन शिकलेलं. सगळ्यांनी सही केली की कुणा एकाला धरता येत नाही. ही रीत आमची ढाल होती.

पूर्वी आम्ही मत द्यायला गावातल्या शाळेत जायचो. म्हाताऱ्या बायांना ओढ्यातून धरून न्यावं लागायचं, आणि शाळेच्या दारात सरपंचाची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असायची. मी दोन निवडणुका लागोपाठ अर्ज केले, तहसिलात खेटे घातले, चपला झिजवल्या, आणि शेवटी वस्तीच्या अंगणवाडीत आमचं स्वतंत्र मतदान केंद्र मंजूर झालं. पेढे वाटले. सामान्य माणसाने मनावर घेतलं तर निवडणुकीची पद्धतसुद्धा बदलते, असं भाषण मी विहारात ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या आवडल्या.

पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या शहाणपणाचं फळ मिळालं. मोजणी केंद्रवार होते. गावातल्या शाळेत मत द्यायचो तेव्हा आमची मतं गावाच्या मतांत विरघळून जायची. आता एक यंत्र म्हणजे एक वस्ती. सरपंचाचा माणूस तहसिलात पेन्सिल घेऊन बसला होता. आमच्या केंद्रावर ब्याण्णव मतं पडली. सत्त्याऐंशी सरपंचाच्या विरोधात, पाच त्याच्या बाजूने. गावच्या मतांवर तो निवडून आला तो आलाच, आणि आमचा आकडा खिशात घालून आला. तिसऱ्या दिवशी येणारं नळाचं पाणी नवव्या दिवशी यायला लागलं. पाणी सोडणारा म्हणायचा, मोटार जळाली. ती मोटार फक्त आमच्यापुरती जळायची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली.

कागदी मतपत्रिका होत्या त्या काळात मी निवडणुकीची ड्युटी केलेली. तेव्हा वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कुठली आळी कुणाकडे गेली ते कळू नये म्हणून. मला तेच आठवलं. आमच्या यंत्राचा आकडा वेगळा जाहीर करू नये, गावातल्या बाकी केंद्रांच्या आकड्यांत मिळवून एकच बेरीज सांगावी, अशी मागणी करायची. कायदा बदलावा लागला तर बदलावा. आजही सांगतो, मागणी सोळा आणे खरी होती. मागणारा खोटा होता.

कारण त्या पाचांतला एक मी होतो.

माझ्या मुलाने गायरानाच्या कडेला घर बांधलं होतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, त्याची नोंद होत नव्हती, आणि नोंद नाही म्हणून वीज नाही. निवडणुकीआधी सरपंच मला बाजारात भेटला. चहा पाजला आणि म्हणाला, गुरुजी, एका घराचं काय घेऊन बसलात, होऊन जाईल. बाकी काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती, आम्ही दोघेही शिकलेले. मी वस्तीत त्याच्याविरुद्ध भाषणं केली आणि अंगणवाडीतल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्याचं बटण दाबलं. मतं मिसळून मोजावीत असं मला इतकं तळमळून का वाटत होतं, ते आता कळलं असेल. वस्तीला पाणी हवं होतं. मला आडोसा हवा होता.

पाणी तुटल्यावर वस्ती आधी सरपंचावर चिडली आणि चार दिवसांत त्या पाचांवर. सरपंच लांब होता, पाच जण जवळ होते. विहारात बैठक झाली. एकाने सुचवलं, सगळ्यांनी संविधानावर हात ठेवून सांगायचं. वस्तीची ती प्रत माझ्या कपाटात असते, दर वर्षी संविधान दिनाला मी तिच्यातलं वाचून दाखवतो. मी ती आणली. पहिला हात मीच ठेवला. आवाज जरासुद्धा कापला नाही. वर्गात तीस वर्षं बोललेल्या माणसाचा आवाज असा सहज कापत नाही. माझ्यामागून एकेक जण येऊन गेला. म्हणजे माझ्यासारखे आणखी तीन-चार खोटे त्या रांगेत होते, आणि ते कोण हे मला आजतागायत माहीत नाही.

शेवटी माझी चुलत वहिनी राहिली. चुलतभाऊ लवकर गेलेला, एकुलती लेक नगरला दिलेली, वहिनी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. वय पन्नाशीच्या पुढे. तिने पदराने हात पुसले, पण पुस्तकावर ठेवला नाही.

"भावजी, साक्षरतेच्या वर्गात तुमीच शिकवलं, मत नवऱ्याला सुदिक सांगायचं न्हाई. मंग आता ह्या समद्यांना कशी सांगू?"

शिकवलं होतं मी. तिला सही करायलाही मीच शिकवलं होतं. विहारातल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि मला मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. पाचांतली एक सापडली असं सगळ्यांना वाटलं, म्हणजे आता चारच शोधायचे राहिले होते, आणि चारांचा शोध कुणी फार नेटाने घेत नाही.

मग मी अर्ज लिहायला घेतला. तहसिलात कारकुनाला मसुदा दाखवला तर तो म्हणाला, पाणी मतांमुळेच तोडलं याला पुरावा काय? मी घरी येऊन एक वाक्य घातलं: आम्ही खाली सह्या करणाऱ्या सर्वांनी विद्यमान सरपंचांच्या विरोधात मतदान केले असून त्याच रागाने आमचे पाणी बंद करण्यात आले आहे. आमचं मत कुणाला कळू नये, अशी मागणी करणारा अर्ज, आणि त्यात आम्ही कुणाला मत दिलं ते नावानिशी लिहून खाली सह्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण वस्तीत कुणाला ते खटकलं नाही. अर्ज म्हटला की सगळ्यांच्या सह्या, हे आमच्या हाडात मुरलेलं.

एकटीला खटकलं. सह्यांचा कागद घेऊन मी वहिनीच्या दारात गेलो. तिने ते वाक्य बोट फिरवत हळूहळू वाचलं आणि म्हणाली, एवढं एक वाक्य काढा, लगेच सही करते. पाण्याचं लिहा, मतं मिसळायचं लिहा, ते बरोबर आहे. कुणी कुणाला मत दिलं ते कशाला लिहायचं? तिचं बरोबर होतं. ते वाक्य काढायला मला एक रेघ पुरली असती. पण त्या वाक्यात मी बिनधास्त लपलो होतो. 'आम्ही सर्वांनी' यातला एक. मी तिला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की वहिनी, ज्याच्या पोटात पाप नाही तो सहीला घाबरत नाही. शेजारच्या बाया भिंतीवरून पाहत होत्या. वहिनीने कागद परत दिला आणि चुलीकडे वळली.

एक्क्याण्णव सह्या झाल्या. त्यांतली पहिली माझी, वळणदार.

अर्ज मी तहसिलात दिला, जिल्ह्याला पाठवला, निवडणूक आयोगालाही रजिस्टर केला. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं, नळाचा वार मात्र बदलला नाही. मतं मिसळून मोजण्याबद्दल एका ठिकाणाहून उत्तर आलं की ही बाब धोरणात्मक आहे. तहसिलाने मात्र तत्परता दाखवली. अर्ज पाण्याचा, पाणी ग्रामपंचायतीचं, तेव्हा आमचा मूळ अर्ज सह्यांसकट 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' ग्रामपंचायतीकडे रवाना केला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर.

सरपंचाने कार्यवाही केली. पुढच्या ग्रामसभेत त्याने अर्ज सगळ्यांसमोर वाचून दाखवला. माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग सह्या मोजायला लावल्या. एक्क्याण्णव भरल्या. चष्मा काढून तो हसत म्हणाला की विरोधात मतं सत्त्याऐंशी आणि विरोधात सह्या एक्क्याण्णव, म्हणजे चार जण एक तर मशीनशी खोटं बोलले न्हाईतर कागदाशी. अख्खं गाव हसलं. आम्ही वस्तीचे लोक मागे उभे होतो, मीही त्यांच्यात. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं काम चोख होतं.

मग त्याने वहिनीला पुढे बोलावलं.

"एवढ्या समद्यांत ह्या एका बाईनं खोटी सही केली न्हाई. हिचं शाळंतलं काम आपल्या हयातीत कोन काढत न्हाई."

तो टाळ्या वाजवायला लागला आणि गावाने त्याला साथ दिली. वहिनी तिथे मान खाली घालून उभी होती. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. तिने कुणाला मत दिलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या टाळ्यांनी ते ठरवून टाकलं.

त्यानंतर वस्तीने जे केलं त्यात आरडाओरडा नव्हता. पाणी आलं की नळावर हंड्यांची रांग लागायची. वहिनीचा हंडा कुणी तरी पायाने बाजूला सरकवायचं आणि पुढचा हंडा ठेवायचं. ती पुन्हा रांगेला लावायची, पुन्हा तेच. तिचा नंबर येईपर्यंत पाणी गेलेलं असायचं. नवव्या दिवशीचं पाणी तिला अठराव्या दिवशीही मिळेना. माझी बायको त्या रांगेत होती आणि तिनेही हंडा सरकवला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला नाही.

वहिनीने एकच चूक केली, तिला वाटलं लोकांची तोंडं बंद करता येतात. तिने शाळेतलं काम सोडून दिलं. सरपंचाचा उपकार नको म्हणून. वस्ती म्हणाली, काम सोडलं म्हणजे याहून मोठं काही तरी मिळालं असणार.

दोन वर्षं तिने अशी काढली. मग एक दिवस दुपारी माझ्याकडे आली. लेकीकडे नगरला राहायला जायचं ठरलं होतं, मतदार यादीतलं नाव तिकडे न्यायचं होतं. वस्तीत फॉर्म मीच भरतो, म्हणून माझ्याकडेच आली. मी नवा पत्ता लिहिला, तारीख घातली, सहीच्या जागी फुली करून दिली. तिने सावकाश अक्षर लावून सही केली. उठता उठता म्हणाली,

"पोराच्या घराची आठला नोंद झाली म्हनं. बरं झालं, भावजी."

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, नाही तर मला सोपं गेलं असतं. शाळेतल्या चुलीसमोर बसून तिला गावातलं सगळं कानावर यायचं. नोंद कधी झाली आणि कशी झाली, ते तिला पहिल्यापासून माहीत असणार. ती नळावर एक शब्द बोलली असती तर तिच्या जागी माझा हंडा सरकला असता. पण तिच्या लेखी माझं मतसुद्धा गुप्तच होतं. मला शरम वाटली. शरमेने माझं काही अडलं नाही. फॉर्म मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

यंदा पुन्हा निवडणूक झाली. अंगणवाडीत तेच केंद्र, पुठ्ठ्याचा तोच आडोसा. नोंद झाली होती, पण झालेली नोंद रद्दही होते, आणि आता धाकट्याचं घर जोत्यापर्यंत आलं आहे. मी तेच बटण दाबलं. संध्याकाळी विहारात बसून म्हणालो की आता वस्ती एक आहे, आता फूट नाही. लोकांनी माना हलवल्या.

मोजणीला आमचे दोघे तहसिलात गेले होते. त्यांनी फोन करून आकडा सांगितला. सरपंचाला आमच्या केंद्रावर पाच मतं.

विहारासमोर सगळे जमले होते. कुणी तरी बोटांवर मोजलं. गेल्या वेळी पाच. वहिनी तर गेलेली. तरीही पाच. नळाजवळ उभ्या असलेल्या एका म्हातारीने तेवढं म्हटलं की मग ती नव्हती. वहिनीला निरोप पाठवावा, तिची माफी मागावी, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्या तर नाहीच.

मग एक जण म्हणाला की आता सोडायचं नाही, पुन्हा सगळ्यांनी हात ठेवून सांगायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण प्रत माझ्याच कपाटात असते.

मी घरी गेलो, कपाट उघडलं, वरची धूळ पुसली आणि प्रत घेऊन आलो. पहिला हात मीच ठेवला.