खोली मागतीय, सोयरीक न्हाई

एकोणीसशे चाळीसच्या सुमाराची गोष्ट. जात बघून घर नाकारू नये, असा कायदा तेव्हा ऐकिवातही नव्हता. भोरच्या दवाखान्यात नवी नर्सबाई आली आणि आमच्या आळीत खोली शोधू लागली. मार्गासनीकडची, पुण्यात शिकलेली. दारोदार हसून विचारायची. लोक आधी तिचं आडनाव विचारत, आणि ते ऐकलं की खोली नेमकी आदल्या दिवशीच दुसऱ्याला दिलेली असे.

शेवटी ती आमच्या दारी आली. ट्रंक पायरीवर ठेवून तिनं पदरानं घाम पुसला. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, तोच प्रश्न केला, "आडनाव काय तुमचं?"

ती ताठ उभी राहिली. "बाबा, मी खोली मागतीय, सोयरीक न्हाई!"

मामंजींसमोर मी कधी आवाज काढला नव्हता, पण तोंडून निघून गेलं, "मागची खोली मोकळी आहे!" ते काही बोलायच्या आत मी किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली.

मामंजी एकाएकी खो खो हसत सुटले. "सोयरीक नाही म्हणते! खरंच की!" म्हणत त्यांनी स्वतः ट्रंक उचलली.

मी केरसुणी घेऊन मागे धावले. तिनं खोलीची खिडकी उघडली, तर बाहेर आळीतल्या बायका टाचा उंचावून डोकावत होत्या.

"या की आत," ती म्हणाली. "चहा टाकते."

बायका पांगल्या. एक मात्र चपला काढून आत आली.