दाजींचा दोस्त

स्वतःचं दुखणं सोडून जगातलं बाकी सगळं चारचौघांत बोलणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या अक्काला नवरा म्हणून मिळाला. चिकलठाण्याच्या कारखान्यात दाजींची बडबड मशिनींनाही हरवायची. पण एका वर्षी हा माणूस भर मे महिन्यात सदऱ्यावर जाकीट चढवून, पोक काढून चालू लागला आणि अंथरूण उचलून गच्चीवर एकटाच झोपू लागला. अक्कानं विचारलं तर म्हणायचे, "वर मोकळं वारं लागतं." जाकीट घालून मोकळं वारं! कुणाला काही उमजेना.

उपचार मात्र जोरात चालू होते, कशावर ते न सांगता. शहागंजातल्या हकीमसाहेबांना दाजी म्हणाले, "एक दोस्त है, उसके सीने में तकलीफ है." त्यांनी दमा समजून चाटण दिलं. तालमीतल्या वस्तादाला म्हणाले, "दोस्ताची छाती उतरवायचीय." वस्तादाला वाटलं, बोलण्यात चूक झाली, त्यानं छाती भरायचे जोर शिकवले. सिल्लोडच्या चुलत्यांनी गॅस ठरवून ओवा चारला. दाजींनी तिन्ही उपाय एकदमच केले आणि त्या दोस्ताला कशाचाच गुण आला नाही.

अखेर एके दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "पाव्हणं, कुठं बोलू नका. माझी छाती बायकांवानी व्हायलीय. उजवीकडं गाठ लागतीय, दुखतंय बी. कॅन्सर असंल का? पण पुरुषाला कसा व्हईल? का व्हतो?" मलाही ठाऊक नव्हतं. त्यांना घेऊन दवाखाना गाठला, तर डॉक्टर नेमक्या बाई निघाल्या.

"एक दोस्त हाय," दाजींनी सुरुवात केली.

"मग त्यांनाच घेऊन या."

दाजींनी जाकिटाच्या गुंड्या सोडल्या. "मीच हाय."

बाईंनी तपासलं, सोनोग्राफी करवली. "कॅन्सर पुरुषालाही होतो, म्हणून बघावं लागतं. तुम्हाला तो नाही," त्या म्हणाल्या. "स्तनाची थोडी ग्रंथी प्रत्येक पुरुषाच्या छातीत असते. तुमची वाढलीय. गोळ्या कोणत्या घेता?"

"पायाच्या सुजंची एक. लई दिवस झाले. मेडिकलमधनं आणतो."

"तिच्यामुळंच असावं. मनानं बंद करू नका, मी बदलून देते. नाहीच उतरली, तर छोटं ऑपरेशन असतं."

दाजी गोंधळले. "म्हंजे ह्यो रोग नाय, औषध हाय?"

पुढं गोळी बदलली, दुखायचं थांबलं, काही महिन्यांत छातीही बरीच उतरली. पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दाजींनी अक्काला अडखळत सगळं सांगितलं. आता ती हसणार, या भीतीनं त्यांनी मान वर केली नाही. अक्का हसली नाही. पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय? मला वाटलं, मी नकोशी झाले."

मी हळूच चपला घातल्या. मागं वळून पाहिलं, तर ते उठून तिच्याजवळ, चुलीपाशी जाऊन बसले होते.