कांदा आमचा, भिंग त्यांचं

"ए मेंढके, मागं सर. तिथं डोळा लावू नको, काचेला मेंढराचा वास लागेल."

सर असं म्हणले आन् अख्खा वर्ग हसला. माझ्या शेजारची बी हसली, जिची आई माझ्या आईसंगं कांदे काढायला जायाची. मी नववीत व्हते. टेबलावर मायक्रोस्कोप व्हता, त्याच्याखाली कांद्याचा पापुद्रा. तो कांदा मी आणला व्हता.

आमच्या लोणीच्या बाजूला कांद्याला काय तोटा? कांदा साठवायच्या चाळीच्या चाळी भरलेल्या. पण प्रयोगाला कांदा लागला की सर मागच्या बाकांकडंच बघायचे. "उद्या कांदे आणा रे." ज्यांच्या चाळी, त्यांना कधी सांगितलं न्हाई. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवणारा. तरी मी चांगला लालबुंद कांदा निवडला, फडक्यात बांधून नेला. लई हौस मला! पुस्तकात पेशीचं चित्र बघितलं व्हतं, विटा रचल्यासारखं. आपण रोज चिरतो त्यात हे असंल? खरंच असंल? मला ते माझ्या डोळ्यानं बघायचं व्हतं. बाकी काय मागितलं व्हतं मी?

विज्ञानाचा तास म्हंजी सर खुर्चीत. एक पोरगं उभं राहून पुस्तक वाचणार. सर म्हणणार, "याच्याखाली रेघ मारा." प्रयोगशाळेला कायम कुलूप. कधीमधी उघडायची, तवा रीत ठरलेली. पुढच्या बाकावरची भिंगातनं बघणार, मागच्या बाकावरची काचा धुणार. नळ बी मागंच व्हता. ही रीत कुणी पाडली, कवा पाडली, कुणी विचारायचं न्हाई.

त्या दिवशी मी रीत मोडून पुढं गेले, म्हणून सर खवळले. परत म्हणले, "तुला कांद्यात काय बघायचंय? तुझा जन्म कांद्यातच जाणार आहे. जा, काचा धू."

मी धुतल्या. आयोडीननं बोटं पिवळी झाली. मागनं ऐकू येत व्हतं. "दिसलं का?" "हो सर." संस्थेच्या चेअरमनची नात ऋतुजा सगळ्यात आधी. मंग एकेक जण. "हो सर." "हो सर." मला रडू आलं न्हाई. राग आला. भाकरीत खडा लागल्यावर कसं व्हतं, तसं दातात करकरत व्हतं.

पुढं थोड्याच दिवसांत तपासणीला साहेब आले. शाळेत रांगोळ्या, सडा, नवीन पडदे. सरांनी आदल्या दिवशी पढवून ठेवलेलं, साहेबांनी काय बी विचारू दे, सगळ्यांनी एका सुरात 'हो सर' म्हणायचं. मायक्रोस्कोप पुसून मांडला. मी आपली नळापाशी.

साहेबांनी विचारलं, "मुलांनो, पेशी पाहिल्या का सगळ्यांनी?"

"हो सssर!"

"मी न्हाई बघितल्या."

माझा आवाज ऐकून मीच दचकले. साहेब वळले. "का गं?"

"आमी मागच्या बाकावरची पोरं काचा धुतो, सर."

साहेब कसनुसं हसले, म्हणले, "बघू द्या की हिला." सर माझ्याकडं असे बघत व्हते की खाऊ का गिळू. मी ओले हात परकराला पुसले आन् गेले. डोळा लावला.

काईच न्हाई.

नुसतं राखाडी धुकं. मधी माझ्याच पापण्यांचे केस. चाक खालीवर फिरवलं. खालचा आरसा हलवला, तर त्याचा पारा उडालेला. भिंगावर बुरशी. कांदाबिंदा काय दिसायचा त्यात, कपाळ!

"दिसलं का?" साहेबांनी विचारलं. समदा वर्ग माझ्याकडं बघतोय. एक 'हो सर' म्हणलं असतं तर सुटले असते. शाबासकी बी मिळाली असती.

"न्हाई. काईच दिसत न्हाई."

सर घाईनं म्हणले, "साहेब, हिला बघता येत नाही. मेंढक्याची आहे."

मंग साहेबांनी सोताच डोळा लावला. बराच येळ लावून ठेवला. मान वर केली, घड्याळ बघितलं. म्हणले, "छान. चालू द्या." आन् चहाला गेले.

मी ऋतुजाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तवा मला कळलं. ज्या भिंगापायी मला मेंढराचा वास म्हणून हाकललं, त्यातनं कुणालाच कधी काय दिसलं नव्हतं. पुढच्या बाकावरची पोरं नुसता डोळा लावून 'हो' म्हणायची. लुटलं त्यांना बी व्हतंच. फक्त त्यांच्यावर कुणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांना, माझ्या बापाला, बोलावणं. आबा तवा येडगावच्या धरणाकडं मेंढरं घेऊन गेलेले. कळप चुलत्यावर टाकून आले. ऑफिसच्या दारात चपला काढल्या, हात जोडले. "सर, पोरगी अडाणी हाय. चुकलं तिचं."

सर म्हणले, "माफी तिला मागू द्या. नाहीतर दाखला घेऊन जा."

"माग बाय," आबा म्हणले. "दोन शबुद बोल, मोकळी हो."

आबांचे हात अजून जोडलेलेच व्हते. पण मी म्हणले, "सर, तुमी बघा त्यात. तुमाला पेशी दिसली तर मी पाया पडून माफी मागते."

सर खुर्चीतनं उठले न्हाईत. नुसतं म्हणले, "जा वर्गात."

दाखला दिला न्हाई. पण दहावीला प्रात्यक्षिकाचे मार्क त्यांच्याच हातात. माझे पाडले. सायन्सला जायचं राहिलं ते राहिलंच. आबा म्हणले, "बरोबर तूच व्हतीस बाय. पण बरोबर असून काय उपेग?" सरांच्या शिवीपेक्षा हे जास्त लागलं. अजून लागतं.

मला शिनोलीत दिलं. माझी लेक आता नववीत. काल घरी आली, म्हणाली, "आई, आज पेशी शिकवल्या. बोर्डावर व्हिडिओ लावला व्हता."

"आन् मायक्रोस्कोप?"

"कपाटात हाय. फुटंल म्हणून काढत न्हाईत. सरांनी विचारलं, समजलं का? सगळी हो म्हणली."

"आन् तू?"

ती दप्तर उचलून आत गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं झाली, शाळा दुसरी, रंग नवा, बोर्ड बदलला, आन् कपाट बंदच?

मालक म्हणले, "कशाला शाळेच्या नादी लागती? पोरीचे मार्क त्यांच्या हातात हायेत." ठाऊक हाय मला. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असंल? पोरीला विचारलं, "मार्क गेले तर चालंल?" ती म्हणाली, "मला बघायचंय."

मंग झालं तर.

उद्या शाळा भरायच्या आत मी दारात हाय. आळीतल्या आयांना सांगून आलेय, ज्यांची पोरं मागं बसत्यात त्यांना आधी. भाकरी बांधूनच या म्हणलं. पोरांनी आपल्या हातानं प्रयोग केल्याबिगर एकीनं बी उठायचं न्हाई.