साळवेबाईंच्या मुलींचा तांब्या

साळवेबाईंचा दहावा होणार नाही.

त्या ख्रिश्चन होत्या. काल शिरूरला दफन झालं. पाळकसाहेब एकटेच बोलले, थोडं बोलले आणि खरं बोलले. आमच्या गावाहून गेलेल्या मंडळींना फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शिरूर-दौंडकडच्यांना सांगायला नको, बाकीच्या मित्रांसाठी सांगतो.

आमच्याकडे दशक्रिया म्हणजे नदीकाठी मांडव, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. आजी, माजी आणि भावी, सगळे बोलतात. गेलेल्या माणसाला चार वाक्यं, येणाऱ्या इलेक्शनला बाकीची सकाळ.

तोवर पिंड थांबतात. कावळा थांबतो. घरची माणसं उपाशी बसून राहतात.

'यानंतर आपली श्रद्धांजली अर्पण करतील...' असं म्हणत माईकवर नावं पुकारणारा मी.

बाई गावच्या हायस्कूलला होत्या आणि मुलींचं सेवापथक चालवायच्या. एका वर्षी पथकाने सेवा पुरस्कार मिळवायचं मनावर घेतलं. अट एकच. गावाची खरी गरज शोधायची, वर्षभर काम करायचं, आणि ते गरजेचं होतं असं ग्रामसभेने म्हणायचं.

बाईंनी 'जाणकार' म्हणून मला बोलावलं.

मी म्हणालो, "झाडं लावा. फोटो छान येतात."

"मागची लावलेली कुठं आहेत सर? फोटोतच ना?"

मग त्यांनी मुलींना विचारलं. नववीतली सारिका उठली. तिचे वडील नुकतेच वारले होते.

"बाई, दहाव्यातली भाषणं थांबवा. माझ्या पप्पांचं नाव तानाजी. आप्पा शेवटपर्यंत संभाजी म्हणत व्हते. मम्मी तिथंच बसल्याली."

आप्पा म्हणजे कारखान्याचे डायरेक्टर. गावात त्यांची मान हलल्याशिवाय पान हलत नसे.

भाषण थांबवता येत नाही. पण बोलणाऱ्याला पाणी देता येतं. हे डोकं बाईंचं.

वक्ता रंगात आला, की पथकाची मुलगी तांब्या-फुलपात्र घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. तो प्यायला थांबला, की मी पुढचं नाव पुकारायचं.

पाणी देणाऱ्या पोरीवर चिडणार कोण?

काही महिन्यांत गावात 'तांब्या आला' म्हणजे 'आवरा' असा अर्थ झाला. लोक लग्नातसुद्धा म्हणायला लागले.

फक्त आप्पांपुढे कुणी जात नव्हतं.

ग्रामसभा तोंडावर आली आणि एक दहावा निघाला. आप्पा नेहमीप्रमाणे शेवटी उठले, उसाच्या भावात शिरले. सारिकाने तांब्या उचलला.

मी बाईंच्या कानाशी लागलो. "आज नको. आप्पा फिरले तर पुरस्कार गेला. तिला बसवा."

"पाळी तिची आहे. बसायचं का, ते तिलाच विचारा."

विचारलं.

"सर, तुमी माईक सांभाळा," सारिका म्हणाली.

ती जाऊन उभी राहिली. आप्पा बोलत राहिले. ती हलेना.

"ठेव खाली, पोरी."

"प्या आप्पा. गार हाय."

"कुणाची गं तू?"

"तानाजीची."

आप्पांनी पाणी घेतलं. सावकाश प्यायले. मग खाली बसले.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने विचारलं, मुलींचं काम गावाच्या गरजेचं होतं का? सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. मुली भिंतीला टेकून उभ्या.

आप्पा म्हणाले, "बाई, तुमच्यात दहावा नसतोय. आमच्यातलं तुम्हाला काय कळायचं?"

"नाही कळत आप्पा. म्हणून तर गावाला विचारतेय."



मग मागून सारिकाची आई उठली. त्या हॉलमध्ये तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

"गरज व्हती," म्हणाली. आणि बसली.

शेजारची म्हणाली, "व्हती की." मग आणखी दोघी-तिघी.

आप्पा बराच वेळ टोपी नीट करत बसले.

"लिहा मग," ग्रामसेवकाला म्हणाले. "का बायांनी येऊन लिहायचं?"

पुरस्कार मिळाला. मुली पुण्याला जाऊन घेऊन आल्या. प्रमाणपत्रावर छापलेलं: 'उत्तरकार्यांमध्ये पेयजल सेवा'.

पोरी हिरमुसल्या. सारिका तर रडकुंडीला आली. "बाई, ह्यांना काय कळलंच न्हाई. पाणी वाटलं म्हणून बक्षीस दिलं."

बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"चुकलेलं नाही गं," म्हणाल्या. "भल्याभल्यांना पाणी पाजलंच की आपण."

बाई, 'साळवेबाई'च्या पलीकडे तुमचं नाव आम्ही कधी घेतलं नाही. रूथ साळवे.

नाव बरोबर लिहिलंय. भावपूर्ण श्रद्धांजली.