सातव्या मिनिटाची घंटी

आबा गेल्याचं मला मागच्या महिन्यात कळलं. मुद्दाम कुणी कळवलं नाही. जळगावहून बदलून आलेल्या एका कारकुनाच्या बोलण्यातून ते निघालं. आबा म्हणजे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे वडील. ते हयात आहेत तोवर तोंड उघडायचं नाही, असं त्या सहकाऱ्यानं मला बजावलं होतं. आता ते नाहीत, म्हणून लिहितो.

आम्ही दोघं धुळ्यात एकाच सरकारी कार्यालयात होतो, शेजारशेजारच्या टेबलांवर. तो पारोळ्याकडच्या खेड्यातला, बौद्ध. मी शेतकरी घरातला. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे, माझ्या डब्यातली भाजी तो खायचा, त्याची मी खायचो आणि याचा मला अभिमान होता. अभिमान होता, इथेच काय ते समजावं.

देवपुरात आमच्या राहत्या जागेजवळ एक वाचनालय होतं. तिथं वर्षातून एकदा स्थानिक वक्त्यांची संध्याकाळ व्हायची. पाच वक्ते, प्रत्येकाला दहा मिनिटं. टेबलावर पितळी घंटी असायची, वरून बोट दाबलं की टण्ण वाजणारी. आठ मिनिटं झाली की एकदा, दहा झाली की दोनदा. दोनदा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी वक्त्यानं खाली यायचं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते आणि या बाबतीत फार कडक.

त्या वर्षी मी विषय दिला होता, 'वाचनाची आवड'. तीन आठवडे घोकला. चिटणीस म्हणाले, "तुझा आवाज बसका आहे रे. मागच्या रांगेला ऐकू जायचा नाही. तू असं कर, घंटी सांभाळ." आणि ज्याला मीच या कार्यक्रमाची माहिती दिली होती, त्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा विषय घेतला. विषय होता विहीर.

त्याचे वडील विहिरी खोदायचे. आयुष्यभर तेच काम. पांढरी माती कुठं संपते, मुरूम कुठं लागतो, खडकाचा रंग बदलला की पाणी किती हातांवर आहे, हे सगळं त्यांना ठाऊक. सुरुंगांच्या आवाजानं कान गेलेले. बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. आणि त्यांनी खोदलेल्या कित्येक विहिरींवर, पाणी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, त्यांना पोहरा टाकता येत नव्हता. गावच्या बैठकीत ते कायम कडेला उभे राहिलेले. त्यांना एकदा भरल्या सभागृहात, पहिल्या रांगेतून, सगळ्यांसमोर उभं करायचं, एवढ्यासाठी तो भाषण करणार होता. हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं. कार्यालय सुटल्यावर तो माझ्यासमोर सराव करायचा, मी घड्याळ धरायचो. साडेनऊ मिनिटं बरोबर.

"आबांना भाषण ऐकू यायचं नाही," तो म्हणाला, "पण घंटी ऐकू येईल. त्यांना सांगून ठेवलंय, घंटी वाजली की उठायचं आणि हात जोडायचे. मग उरलेली दीड मिनिटं मी त्यांच्यावर बोलणार, ते उभे असताना."

"छान," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सभागृह आधीच वैतागलेलं होतं. वीज येऊन-जाऊन होती, पंखे बंद. पहिले वक्ते डॉक्टर, आहारावर बोलले. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, लवकर आटपा, आमच्या जेवणाची वेळ झाली!" दुसरे गुरुजी हस्ताक्षरावर बोलले. त्यांना तर सहाव्या मिनिटालाच टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्या म्हणजे 'पुरे झालं, उतरा'. आमच्याकडे वक्त्याला असंच हाकलतात. तोंडानं शिवी द्यायची नाही, टाळ्या पिटायच्या. गुरुजी घाम पुसत खाली आले आणि घंटी असून काय उपयोग म्हणून मलाच खाऊ की गिळू असं पाहून गेले.

मग तो उठला. मागच्या बाकांवरून आलंच: "विहिरीवर भाषण? अरे, आधी नळाला पाणी आणा!" हशा झाला. तो थांबला. म्हणाला, "नळाचं पाणी पण आधी कुणीतरी जमिनीतनं काढलेलं असतं, भाऊ." आणि सुरू झाला.

दुसऱ्या मिनिटाला खोकणं थांबलं. चौथ्या मिनिटाला चिटणीस पुढं झुकून ऐकत होते. खडकाला कान लावून आबा पाणी कसं ओळखायचे, हे त्यानं टेबलावर कान टेकवून दाखवलं, तेव्हा मागचा तो ओरडणाराही गप्प होता. पहिल्या रांगेत आबा पांढऱ्या धोतरात, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या हाताकडे बघत बसले होते. भाषणाकडे त्यांचं लक्ष असण्याचं कारणच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष घंटीवर.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो. 'यांना आता इथंही पुढं बसवा.' शब्द हेच होते. डबे एकत्र उघडणाऱ्या माणसाच्या मनात.

सात मिनिटं झाली होती. मी घंटी दोनदा दाबली.

तो वाक्यात अडखळला. मनगटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वहीत मान घातली. "अध्यक्ष महोदय, अजून..." एवढंच तो म्हणाला. अध्यक्षांनी हात वर केला, "नियम सगळ्यांना सारखा." मागच्यांना तेवढंच हवं होतं. टाळ्या सुरू झाल्या, जोरजोरात, बाकांवर थापा मारत.

आणि आबा उभे राहिले. ठरल्याप्रमाणे. मागं वळून त्यांनी सगळ्या सभागृहाला हात जोडले.

"आजोबा, बसा! चहा शेवटी आहे!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अध्यक्षसुद्धा. आबा तसेच हात जोडून उभे. शेवटी तो खाली आला आणि त्यानं दंडाला धरून त्यांना बसवलं. पुढचे वक्ते वकील होते, ते चौदा मिनिटं बोलले. मी घंटी एकदाच वाजवली, तीही हळू.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "किती मिनिटांना दिलीस?"

"दहा. घड्याळ बघूनच दिली की."

त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून डबा एकट्यानं खाल्ला, आणि वर्षाच्या आत जळगावला बदली मागून घेतली.

पाच-सहा वर्षं मी हे पोटात ठेवलं. मग जळगावात कामानिमित्त गेलो असताना मेहरूणला त्याचं घर शोधून काढलं. आबांचे पाय धरायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात. दार त्यानंच उघडलं. बस म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझ्या मनगटावर पण घड्याळ होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"आबा उभे होते. मी भांडलो असतो तर त्यांना कळलं असतं की आपल्याला हाकलतायत. त्यांनी फक्त टाळ्या बघितल्या. मी सांगितलं, बठ्ठ्या, सगळ्या टाळ्या तुमच्यासाठी होत्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते आत आहेत. तुम्ही त्यांना एक शब्द सांगायचा नाही. ते असेपर्यंत नाही. हलकं व्हायला आलात ना? ते इथं नाही व्हायचं."

पहिल्यांदाच त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं होतं.

मी परतायला वळलो, पण आतून आबांनी मला पाहिलं होतं. हाक मारली. खाटेवर टेकून बसले होते, फार खंगलेले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तूच ना तो घंटीवाला?" ते मोठ्यानं म्हणाले, बहिऱ्या माणसासारखं. "तू घंटी दिन्ही, आनि मी उभा ऱ्हायनू. बठ्ठा लोकेस्नी टाळ्या वाजाड्यात!" घरी येईल त्याला ते हे सांगत असणार, कारण शब्द घासून गुळगुळीत झालेले होते. मी मान डोलावली.

मग ते जरा थांबले आणि माझ्या हाताकडं बघून हसले. "पन तू नही वाजाडी टाळी. तुना हातमा घंटी व्हती."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो दाराच्या चौकटीत उभा होता, दगडासारखा.

मी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा खोलीत, आबांच्या समोर उभा राहून. थांबायचं कधी ते मला कळेना. आबांनी बसल्या जागेवरून हात जोडले.

दारातल्यानं मनगट वर करून घड्याळ पाहिलं. "तुमची धुळ्याची गाडी असेल," तो म्हणाला. "निघा आता."